वरसईचा युद्धवार्ताहर

परमुलखातल्या रणधुमाळीत जाऊन तिथली हकीकत सांगणारा मराठी वार्ताहर कोण, असा प्रश्न निघाला की मला वरसईचे विष्णुभट गोडसे आठवतात. कोणी हसेल. विष्णुभटांपाशी ना वर्तमानपत्र होते, ना पगार. घरचे कर्ज फिटावे, चार पैसे दक्षिणा मिळावी, एवढ्याच हेतूने ते १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. पण त्या काळच्या कोकणी भिक्षुकाला झाशी हा परदेशच होता, आणि ‘माझा प्रवास’ मी वार्तापत्र म्हणूनच वाचतो.

लंडनच्या ‘टाइम्स’चा विल्यम हॉवर्ड रसेलही १८५८ मध्ये हिंदुस्थानात होता. क्रिमियाच्या युद्धात नाव मिळविलेला हा गृहस्थ कॅम्बेलच्या फौजेबरोबर लखनौला गेला. आपल्याच लोकांच्या क्रौर्यावर त्याने लिहिले, हा त्याचा मोठेपणा. तरी तो तोफांच्या मागे होता. विष्णुभट तोफांच्या तोंडासमोर. ह्यू रोजने झाशी घेतली तेव्हा जीव मुठीत धरून लपलेल्या या माणसाने कत्तल पाहिली, जळती घरे पाहिली, आणि लुटीचा क्रमसुद्धा ध्यानात ठेवला : आधी सोनेरुपे, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड.

पुस्तकात दोष आहेत. बंडाची कारणे सांगताना ऐकीव गोष्टी ते पाहिल्याच्या थाटात सांगतात. शिवाय लिहिले तेही सुमारे पंचवीस वर्षांनी. म्हणून ऐकलेले आणि पाहिलेले निवडून घ्यावे लागते. मला त्याची एक खूण सापडली आहे. जिथे विष्णुभट स्वतः भितात, तहानभुकेने कासावीस होतात, तिथे मी त्यांच्यावर विश्वास टाकतो. काळपीच्या वाटेवर विहिरीपाशी भेटलेली, धुळीने माखलेली, ओंजळीने पाणी पिणारी राणी अशीच पटते.

मिळविलेली दक्षिणा वाटेत लुटली गेली. घरी पोहोचली ती गंगेची कावड. पुढे सरकारची भीती होतीच. लेखकाच्या निधनानंतर, १९०७ साली, चिंतामणराव वैद्यांनी पुस्तक छापले, तेही पुष्कळ काटछाट करून. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये पुण्यातून प्रसिद्ध केली. झाशीची बातमी जशीच्या तशी आपल्या हाती पडायला एकशेआठ वर्षे लागली!

आज चित्र घटकेत जगभर जाते. पण ते पाठविणाऱ्याचा धोका कमी झालेला नाही. दानिश सिद्दिकी हा भारतीय छायाचित्रकार २०२१ मध्ये अफगाणिस्तानात स्पिन बोल्डक येथे मारला गेला. बातमी वाचताना ती देणारा कुठे उभा होता, हे आपण विचारतो का? विष्णुभट ते न विचारता सांगतात. वाचकांनी पोतदारांची प्रत मिळवावी, आणि राणीचा प्रसंग पाठ असला तरी झाशी पडल्यानंतरची पाने सावकाश वाचावीत.