प्रश्नचिन्ह कुठे गळालं? : अँटिऑक्सिडंटच्या युक्तिवादाची तपासणी

आज मी वैद्यकाचा जाणकार म्हणून बोलत नाही. माझा विषय तत्त्वज्ञान, त्यातही अनुमान. एका गोष्टीवरून दुसरी सिद्ध झाली असं आपण म्हणतो, तेव्हा मधला पूल भक्कम आहे का, एवढंच मी बघणार. बाजारातल्या बाटल्यांवरचे दावे मी घेणार नाही, त्यांना झोडपणं फार सोपं आहे. तपासायचा आहे तो शास्त्रज्ञांचा प्रामाणिक युक्तिवाद.

त्याची सुरुवात १९५६ सालची. डेनम हार्मन या अमेरिकन संशोधकाने एक छोटासा निबंध लिहिला. किरणोत्सर्गाने शरीरात फ्री रॅडिकल, म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारे कण तयार होतात. तसे ते रोजच्या चयापचयातूनही होत असावेत आणि वार्धक्य म्हणजे त्यांनी केलेल्या नुकसानीची बेरीज, ही त्यांची कल्पना. पुढे १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइडची विल्हेवाट लावणारं विकर शरीरात असल्याचं दाखवलं. घराला कुलूप आहे, त्याअर्थी चोराची भीती असणार! इथवर युक्तिवाद उत्तम आहे.

आता पुढची उडी बघा. ऑक्सिडीकरणाने नुकसान होतं, अमुक पदार्थ परीक्षानळीत ऑक्सिडीकरण रोखतो, म्हणून तो खाल्ला की आजार टळेल. या ‘म्हणून’मध्ये किती गोष्टी गृहीत धरल्यात! पदार्थ पोटातून हव्या त्या पेशीत पोहोचतो, तिथेही तेच काम करतो, आणि रोगग्रस्त भागात दिसणाऱ्या ऑक्सिडीकरणाच्या खुणा रोगाचं कारण आहेत, परिणाम नव्हेत. यातलं एकही आपोआप सिद्ध होत नाही.

१९८१ मध्ये रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांचा एक लेख ‘नेचर’मध्ये आला. आहारातल्या बीटा कॅरोटीनमुळे माणसांतलं कर्करोगाचं प्रमाण खरोखर कमी होईल का, असं त्याचं शीर्षक. शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे, ते लक्षात ठेवा. जे लोक बीटा कॅरोटीन असलेल्या भाज्या-फळं जास्त खातात त्यांच्यात कर्करोग कमी दिसतो, पण संरक्षण त्यामुळेच मिळतं का, हे नियंत्रित चाचण्यांनी तपासता येईल, अशी त्यांची सावध मांडणी होती. लोकांच्या तोंडी मात्र ते प्रश्नचिन्ह गळून पडलं.

आपल्या न्यायदर्शनात याला चपखल शब्द आहे : उपाधी. अग्नी आहे म्हणजे धूर असणारच, हे अनुमान चुकतं, कारण धूर होतो तो ओल्या लाकडामुळे. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. इथलं ओलं लाकूड कोणतं? भाज्या भरपूर खाणारा माणूस बहुधा सिगारेट कमी ओढतो, चालतो-फिरतो. त्यातून एकटं कॅरोटीन उचलून गोळीत भरलं तर बाकीचं सगळं मागेच राहतं.

चाचण्या झाल्या. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाचे २९,१३३ पुरुष धूम्रपी घेतले. रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्के जास्त आढळला. हे १९९४ साली छापून आलं. अमेरिकेत धूम्रपी आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या संपर्कातले कामगार मिळून १८,३१४ जणांवरची, बीटा कॅरोटीनबरोबर अ जीवनसत्त्व देणारी चाचणी जानेवारी १९९६ मध्ये, ठरल्या मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावी लागली. तिथे वाढ २८ टक्के.

बचाव असा की धूम्रपींची गोष्ट वेगळी. त्यात तथ्य आहे. बहुतांश धूम्रपान न करणाऱ्या २२,०७१ अमेरिकन डॉक्टरांत बारा वर्षं देऊनही अपाय दिसला नाही. पण फायदाही दिसला नाही, हे बचाव करणारे हळूच वगळतात! दृष्टिपटलाच्या एका आजारात क, ई, बीटा कॅरोटीन आणि जस्त यांच्या मिश्रणाने आजार बळावण्याचा धोका कमी झाला, हे मान्य करायलाच हवं. मात्र त्या मिश्रणात जस्तही आहे. श्रेय कोणाचं, हे नुसत्या नावावरून ठरत नाही.

माझा मुख्य आक्षेप याहून खोल आहे. ‘फ्री रॅडिकल म्हणजे शत्रू’ हे रूपकच लंगडं आहे. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला सुपरऑक्साइड मुद्दाम तयार करतात. ज्या मुलांत जन्मतः ती क्षमता नसते त्यांना वारंवार गंभीर संसर्ग होतात. व्यायामाचंही तसंच. २००९ च्या एका जर्मन प्रयोगात व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम सुधारला, पण रोज क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्यांत ती सुधारणा दिसेना. थोडा ऑक्सिडीकरणाचा ताण हाच शरीराला दिलेला निरोप होता, आणि गोळीने तो मधेच अडवला. हेल्मुट झीस यांनी १९८५ मध्ये ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ची व्याख्या केली ती समतोल बिघडण्याची. समतोलाच्या व्याख्येतून ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ कसं निघतं, हे मला कुणी तरी समजावून सांगावं.

चिठ्ठी आली आहे : मग आवळा, कोकम खायचं की नाही? अहो, जरूर खा. भाज्या-फळांच्या बाजूचा पुरावा वेगळा आहे, तो या सिद्धान्तावर उभा नाही. पदार्थांची अँटिऑक्सिडंट शक्ती आकड्यात मांडणारा एक तक्ता अमेरिकेच्या कृषी खात्यानेच २०१२ मध्ये आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकला. परीक्षानळीतले ते आकडे शरीरातल्या परिणामाबद्दल काही सांगत नाहीत आणि विक्रीसाठी वापरले जातात, हेच त्याचं कारण होतं. आता दुसरी चिठ्ठी घेऊ.