बायकांचा बास्केटबॉल : खेळ कमी की प्रेक्षक कमी?

१९७७ साली मक्काबी तेल अवीवने बेलग्रेडमध्ये इटलीच्या वारेसे संघाला ७८-७७ असे हरवून युरोपचा चषक आणला, ते आपल्यापैकी पुष्कळांना अजून आठवत असेल. तेव्हा टीव्हीवर एकच चॅनल. आवड असो वा नसो, घरची सगळी मंडळी सामन्यापुढे बसत. आपल्याला हा खेळ कळू लागला तो असा, पाहून पाहून.

२०११ साली एलित्सूर रामलेच्या मुलींनी युरोकप जिंकला. इस्रायलच्या महिला संघाने युरोपातला चषक मिळवण्याची ती पहिलीच वेळ. रामलेत आपली इतकी माणसे राहतात, तरी हा विषय काढला की बरेच जण विचारतात, "कधी बरे?"

बायकांचा खेळ संथ, त्यात मजा नाही, असे आम्ही नेहमी ऐकतो. आम्हाला ते पटत नाही. रिंग दोघांनाही सारखीच, ३.०५ मीटर उंच. पुरुष उडी मारून चेंडू वरून कोंबतात आणि टाळ्या मिळवतात; पण तो तिथवर आला कसा, इकडे कोणाचे लक्ष नसते. बायकांना तसे क्वचितच जमते. त्यांना चार पास देऊन, सोबतिणीला आड उभे करून मोकळी जागा काढावी लागते. डाव कसा रचला ते दिसते. आमच्यासारख्या चष्मेवाल्यांना तर हाच खेळ सोयीचा!

मात्र उगाच कौतुक नको. आपल्या लीगमध्ये रटाळ सामनेही होतात. दमल्यावर सोपे शॉट चुकतात आणि अटीतटीच्या वेळी चेंडू बहुधा परदेशी खेळाडूकडेच जातो. आपल्या मुलींत दम नाही असे नव्हे. २००७ साली शाय दोरोन अमेरिकेच्या डब्ल्यूएनबीएमध्ये खेळलीच ना? पण इथे त्या वेळेला चेंडू मागत नाहीत.

अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये कॉलेजच्या मुलींचा अंतिम सामना सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी टीव्हीवर पाहिला, मुलांचा १ कोटी ४८ लाखांनी. आयोवाच्या केटलिन क्लार्कचे लांबून मारलेले शॉट पाहायला लोक बसले, हे खरे. सामना मात्र साउथ कॅरोलायनाने ८७-७५ असा, अख्ख्या संघाच्या बळावर जिंकला. मुलींचा सामना घरोघरी दिसणाऱ्या चॅनलवर होता, मुलांचा केबलवर, हेही सांगायला हवे. म्हणजे आपल्या १९७७ चीच गोष्ट. रामलेच्या मुलींचे सामने कुठे लागतात, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?