समागता प्रहेलिकेचे उत्तर कोठे दडते?

प्रहेलिका रसाला बाधक असल्याने ती अलंकारच नव्हे, असा निवाडा विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त दिला आहे. रसचर्चेपुरता तो ग्राह्य धरला, तरी कोडे सुटते कसे हा प्रश्न त्याने मिटत नाही. येथे दंडीची दृष्टी अधिक उपयुक्त ठरते. ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात त्याने १६ प्रहेलिका सांगितल्या असून त्यांतील पहिली ‘समागता’ ही पदांच्या संधीने अर्थ दडविणारी आहे.

प्रस्तुत लेखकाने वर्गासाठी रचलेले एक वाक्य पाहावे : ‘लेखणीस का गद प्रिय?’ गद म्हणजे रोग. तो लेखणीला प्रिय का असावा, याचे कारण शोधू लागणारा फसलाच. ‘का’ व ‘गद’ यांमधील सीमा पुसली की प्रश्नाचेच उत्तर होते. अर्थाची विसंगती ही येथे अडचण नसून खूण आहे. गंमत अशी की, ‘गद’ शब्द ठाऊक नसलेल्या मुलाला ‘कागद’ आधी ऐकू येतो. अडतो तो संस्कृतज्ञ! म्हणून कोडे ही ज्ञानाची परीक्षा होय, हे प्रचलित मत आम्हांस अपुरे वाटते. सोडविणारा नवे काही मिळवीत नाही. आधी केलेला पदच्छेद मागे घेतो.

पदे सलग लिहिणाऱ्या पोथीत दोन्ही वाचने एकत्र नांदू शकत. छापताना पदे तोडली की संपादक नकळत एक वाचन निवडून बसतो. अशा रचना पदे तोडून, वर उत्तर कंसात देऊन छापणाऱ्या आवृत्त्या म्हणूनच सदोष मानल्या पाहिजेत. सलग पाठ वर आणि विग्रह तळटीपेत, एवढे पथ्य तरी संपादकांनी पाळावे.