वसईच्या बोली आणि भाषा-सर्वेक्षणाची जातवार मांडणी

सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा सातवा खंड 1905 साली प्रसिद्ध झाला. उत्तर कोकणच्या बोलींवर लिहिणारा अभ्यासक आजही तेथूनच आरंभ करतो, आणि ते योग्यच आहे. तथापि त्यातील सामवेदी, वाडवळ, किरिस्ताव ही नावे पाहिली म्हणजे बोलीची सीमा बहुधा जातीच्या वा धर्माच्या सीमेवरच आखली गेल्याचे दिसते. हा दोष लहान नाही. निर्मळ, गास, भुईगाव या भागातील कुपारी ख्रिस्ती समाजाची बोली सामवेदीच होय. तिला कादोडी असेही म्हणतात. धर्मांतराने उपासना पालटली, क्रियापदे पालटली नाहीत. मग 'किरिस्ताव' हे बोलीचे नाव की शिरगणतीचे?

शिवाय, ज्यांना ही मांडणी स्थिर समजते ते समाज स्थलांतराच्याच स्मृतीवर उभे आहेत. राजवाडे यांनी संपादिलेली महिकावतीची बखर येथील वसाहतीचा आरंभ बिंब राजाबरोबर आलेल्या कुळांशी जोडते. तिचे प्रत्येक विधान इतिहास म्हणून स्वीकारता येणार नाही, हे खरे. परंतु विरारहून मुंबईस लोकलगाडी 1867 सालीच सुरू झाली होती. भाजी, फुले, केळी घेऊन मुंबईच्या बाजारास जाणारा वसईकर घरी एक आणि बाजारात दुसरी मराठी वापरीत असला पाहिजे. जातवार मांडणीत त्या दुसऱ्या मराठीस जागाच नाही.

आज हीच मांडणी निराळ्या वेषात पुढे येते. चार नगरपरिषदा व 53 गावे मिळून 2009 साली महानगरपालिका झाली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 12,22,390 भरली. बाहेरून आलेल्यांमुळे बोली बुडाली, असे त्यावरून सरसकट म्हटले जाते. आम्हांस हे अर्धेच पटते. बावखल बुजले की त्याभोवतीचे शब्द जातात, राजेळीची वाडी गेली की सुकेळीच्या कृतीचे शब्द जातात. येथे स्थलांतराचा संबंध उघड आहे. परंतु मुलाशी कादोडीत बोलावयाचे नाही, हा निर्णय नालासोपाऱ्यातील नवा भाडेकरू घेत नाही. तो घरातच होतो, आणि त्यामागे शाळा, नोकरी व प्रमाण मराठीतील प्रार्थना असते.

म्हणून नव्या पाहणीत जात विचारण्याआधी वक्ता आईशी, मुलाशी, गाडीत आणि बाजारात कोणत्या भाषेत बोलतो, हे विचारले जावे. भाडेकरूलाही तोच प्रश्न विचारावा. तो घरमालकाकडून कोणते शब्द शिकला, याची नोंद अद्याप झालेली पाहण्यात नाही.