खऱ्या संशयाचा कल्लोळ

विनोदी कलाकृतीचे परीक्षण करताना ती हसवते किती, एवढेच पाहून थांबण्याची आपल्याकडे रीत आहे. ही रीत आम्हांस अपुरी वाटते. हसू कोणाच्या बाजूचे आहे, ते कोणाच्या अंगावर पडते आणि त्याची किंमत अखेरीस कोणास चुकवावी लागते, हे प्रश्न विचारल्यावाचून उपहासाची खरी पारख होत नाही. हे प्रश्न आमच्यापुढे फार स्पष्टपणे उभे केले ते १९९९ साली प्रदर्शित झालेल्या 'बोफिंगर' या अमेरिकन बोलपटाने. स्टीव्ह मार्टिन यांनी तो लिहिला आणि त्यातील नायकाची भूमिकाही केली. दिग्दर्शन फ्रँक ऑझ यांचे. पाव शतकाहून अधिक काळ लोटल्यावरही तो पाहताना मनमुराद हसू येते. परंतु त्या हसण्याच्या वाटेत मध्येच एक ठेच लागते. ती ठेच कशाची, याचा शोध घेणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बॉबी बोफिंगर हा हॉलिवूडच्या कडेला राहून हॉलिवूडची स्वप्ने पाहणारा एक उपेक्षित निर्माता. त्याच्या संस्थेच्या नावात 'इंटरनॅशनल' हा भारदस्त शब्द आहे. प्रत्यक्षात संस्थेचा पसारा एका जुनाट घरापलीकडे जात नाही. लहानपणापासून आठवड्यास एक डॉलर याप्रमाणे शिल्लक टाकून जमवलेले २,१८४ डॉलर हे त्याचे सारे भांडवल. त्याच्या हिशेबनिसाने एक कथा लिहिली आहे. पावसाच्या थेंबांत दडून परग्रहवासी पृथ्वीवर उतरतात, अशी तिची कल्पना. ही कथा वाचून बोफिंगरला आपल्या आयुष्याचे सार्थक होणार असे वाटू लागते. एक बडा अधिकारी, त्याला वाटेला लावण्यासाठी म्हणा किंवा सहज म्हणा, बोलून जातो की किट रॅमसे हा नट घेतलास तर पाहू. किट रॅमसे हा त्या घटकेचा सर्वांत मोठा तारा. तो बोफिंगरला आपल्या मोटारीतून बाहेर काढतो. आणि येथून खरी गंमत सुरू होते. किट चित्रपटात काम करीत नाही ना, मग त्याच्या नकळत त्याच्याकडून ते करून घ्यावयाचे!

या एका युक्तीवर सारा चित्रपट उभा आहे. आपल्या मंडळीस बोफिंगर सांगतो की किटने होकार दिला आहे. मात्र त्याची अभिनयाची तऱ्हा अशी, की तो कॅमेऱ्याकडे पाहणार नाही आणि सहकलाकारांशी अवांतर बोलणार नाही. किटला तर कोणी काहीच सांगत नाही. भर रस्त्यात, उपाहारगृहात, अनोळखी माणसे त्याच्यापुढे येऊन उभी राहतात, परग्रहवासीयांच्या गोष्टी बोलतात आणि नाहीशी होतात. मोटारी ठेवण्याच्या सुनसान तळघरात त्याच्या मागे उंच टाचांच्या पादत्राणांचा आवाज येत राहतो. तो थांबला की आवाज थांबतो. ती पादत्राणे बोफिंगरच्या कुत्रीच्या पायांत चढवलेली असतात. किटची धावपळ, त्याचे घामाघूम होणे, त्याचा आक्रोश, हे सारे दडवलेला कॅमेरा टिपीत असतो. दिग्दर्शक ऑझ यांची कीर्ती मुळात बाहुल्या खेळवणारे कलावंत म्हणून झाली. बाहुलीच्या खेळात खेळवणाऱ्याचा हात दिसता कामा नये. त्या विद्येचे येथे चीज झाले आहे. एकच भेद आहे, पण तो मोठा आहे : येथे दोरीच्या टोकाला जिवंत मनुष्य आहे.

किट रॅमसेच्या पात्राविषयी मराठी रसिकांस आपल्या रंगभूमीवरील एका अमर संशयग्रस्ताची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संशयकल्लोळ' १९१६ साली संगीत नाटक म्हणून रंगभूमीवर आले. त्याचे मूळ गद्य रूप त्याहून जुने. त्यातील फाल्गुनराव एका तसबिरीच्या घोटाळ्यावरून आपल्या पत्नीवर संशय घेतो. त्या नाटकातील हास्याचा पाया हा, की संशय घेणारा चुकतो आहे आणि जग निर्दोष आहे. प्रेक्षकांस सत्य आधीपासून ठाऊक असते. म्हणून फाल्गुनरावाचा थयथयाट त्यांस निर्मळपणे हसवतो. शेवटी घोटाळा उलगडतो, माणसे एकमेकांस पुन्हा मिळतात. येथे हसू हे औषध आहे.

'बोफिंगर'मध्ये नेमकी उलट मांडणी आहे. आपल्या पाळतीवर कोणी तरी आहे असे किट रॅमसेला वाटते. आणि त्याच्या पाळतीवर खरोखरच माणसे असतात. संशय खरा, आणि जग दोषी! प्रेक्षकांस येथेही सत्य ठाऊक आहे. परंतु या वेळी त्या ठाऊक असण्याने ते निर्दोष राहत नाहीत, ते कटातील भागीदार होतात. फाल्गुनरावास आपण हसतो तेव्हा त्याने शहाणे व्हावे अशी आपली इच्छा असते. किटला हसताना मात्र तो शहाणा होऊ नये, आणखी थोडा घाबरावा, म्हणजे दृश्य पुरे होईल, अशी आपली इच्छा असते. आम्ही ज्या ठेचेचा वर उल्लेख केला ती हीच होय.

मार्टिन यांचे चातुर्य असे, की ही ठेच चटकन जाणवू नये याची त्यांनी तजवीज केली आहे. एक तर किट हा गर्विष्ठ, बेताल आणि कोट्यधीश दाखवला आहे. त्याची फजिती व्हावी असे आपणांस आधीच वाटू लागते. दुसरे म्हणजे त्याच्या मनोरोगावर उपचार करण्याचा आव आणणारा 'माइंडहेड' नावाचा एक पंथ कथेत आणला आहे. टेरेन्स स्टॅम्प यांनी या पंथाच्या प्रमुखाची भूमिका थंड, मिठ्ठास ढंगाने केली आहे. पांढऱ्याशुभ्र दालनांत, डोक्यावर पांढऱ्या त्रिकोणी टोप्या चढवून फिरणारे हे लोक किटला धीर देतात. पण त्याचा आजार पुरता बरा होणे त्यांच्या हिताचे नाही. या चित्रणाचा रोख कोणत्या खऱ्या पंथावर आहे याची त्या काळी बरीच चर्चा झाली. आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट निराळी. किटच्या भीतीवर दोन कारखाने चालले आहेत : एक त्या भीतीचे शुल्क घेतो, दुसरा त्या भीतीचे चित्रण करतो. दोहोंपैकी कोणासही तो निर्भय व्हावयास नको आहे. हा उपहास अत्यंत भेदक आहे, आणि सगळ्या चित्रपटधंद्यास तो लागू पडतो. नटाच्या मनाची पर्वा कोणास? त्याचा चेहरा पडद्यावर आला म्हणजे झाले.

असे असूनही बोफिंगरविषयी आपल्या मनात तिटकारा उत्पन्न होत नाही, हे कसे? याचे उत्तर त्याच्या हेतूत आहे. मेल ब्रुक्स यांच्या 'द प्रोड्यूसर्स'मधील नाट्यनिर्माता लबाडी करतो ती नाटक कोसळावे म्हणून. कोसळले तरच त्याला पैसा पचतो. बोफिंगर लबाडी करतो ती चित्रपट निर्माण व्हावा म्हणून. त्याला पैसा नको असे नाही. पण त्याहून अधिक त्याला हवे आहे ते आपल्या दाराशी निरोप्याची गाडी थांबणे, आपण कोणी तरी आहोत हे शेजाऱ्यापाजाऱ्यांस दिसणे. त्याच्याभोवतीची माणसेही अशीच भुकेली आहेत : उतारवयास लागलेली नटी, दुसऱ्यांची यंत्रे गुपचूप आणणारा कॅमेरावाला, आणि मेक्सिकोच्या सरहद्दीवरून स्वस्त मजूर म्हणून उचलून आणलेले लोक. हे मजूर हळूहळू कामात मुरतात आणि जाणकारांप्रमाणे चित्रपटकलेची चर्चा करू लागतात. हा विनोद वरवर साधा आहे, पण त्यात आदर आहे. काम करता करता माणूस कलावंत होतो, एवढे या चित्रपटास मनापासून मान्य आहे.

निर्मात्याच्या असल्या वेडाची कथा मराठी माणसास परकी नाही. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळके यांनी विम्याचे कागद आणि घरातील चीजवस्तू गहाण टाकून 'राजा हरिश्चंद्र' उभा केला. ३ मे १९१३ रोजी तो मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांसाठी लागला. तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके लुगडे नेसून उभे राहिले. परेश मोकाशी यांनी २००९ साली 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या चित्रपटात ही हकीकत प्रसन्न विनोदाने सांगितली. त्या नावात एक लहानसे असत्य दडले आहे. नाटक-सिनेमाच्या नोकरीस प्रतिष्ठा नव्हती, म्हणून कोणी विचारल्यास आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामास आहो असे सांगावे, ही फाळक्यांची सूचना. सत्यवचनी राजाचा चित्रपट एका थापेच्या आडोशाने तयार व्हावा, यात गंमत आहेच. परंतु ती थाप काम करणाऱ्यांची अब्रू राखण्यासाठी होती. बोफिंगरची थाप काम करणाऱ्याच्या जिवावर उठते. किटसारख्याच दिसणाऱ्या जिफला तो भरधाव वाहनांच्या हमरस्त्यातून पळावयास लावतो, आणि मोटारी चालवणारे सारे कसबी लोक आहेत असे त्याला बिनदिक्कत सांगतो. कलेचे वेड दोघांचेही सारखे. पण वेडाची किंमत फाळक्यांनी स्वतःच्या घरातून दिली, बोफिंगर ती दुसऱ्याच्या खिशातून काढतो. या भेदावर चित्रपटाने आणखी थोडा प्रकाश टाकावयास हवा होता, असे आम्हांस वाटते.

जिफचे काम एडी मर्फी यांनीच केले आहे. किटचा उद्दाम थरकाप आणि जिफचे भाबडे समाधान ही दोन टोके एकाच नटाने इतक्या सफाईने सांभाळावीत, याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पडेल ते हलके काम करण्यातच ज्याला धन्यता वाटते असा हा जिफ चित्रपटाचा खरा अंतरात्मा आहे. त्याला फसवले जाते तेव्हा हसू ओठांवर येते आणि तेथेच थिजते. आणि तसे ते थिजावे अशीच लेखकाची योजना असावी.

डेझी या नवख्या नटीच्या बाबतीत मात्र लेखकाची दृष्टी उणी पडली आहे. लहान गावातून आलेली ही मुलगी ज्याच्या हाती काही देण्याजोगे आहे त्याच्याशी संबंध जोडीत वर चढते, आणि प्रेक्षकांनी तिच्या चलाखीस हसावे अशी अपेक्षा आहे. २०१७ साली हॉलिवूडमधील एका बलाढ्य निर्मात्याविरुद्ध अनेक स्त्रियांनी तोंड उघडले. त्यानंतर हा विनोद पूर्वीसारखा हलका राहिलेला नाही. त्या धंद्यात सत्ता नवख्या मुलीच्या हाती नव्हती, निर्मात्याच्या हाती होती. इतरत्र दोरी कोणाच्या हाती आहे हे अचूक दाखवणाऱ्या चित्रपटाने येथे मात्र बाहुलीलाच खेळवणारी ठरवले आहे. शेवटाचेही तसेच. किटच्या एका लाजिरवाण्या प्रसंगाचे चित्रण हाती लागते, त्याच्या धाकाने पंथाचे तोंड बंद केले जाते आणि अखेरचे दृश्य पदरात पाडून घेतले जाते. खंडणीसारखा हा उपाय कथेत इतक्या सहज मिसळतो की त्याचा हिशेब कोणी मागतच नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. २,१८४ डॉलरांत चित्रपट काढणाऱ्या माणसाची ही कथा सांगण्यास सुमारे साडेपाच कोटी डॉलर खर्च आला. हॉलिवूडची टर हॉलिवूडच्याच तिजोरीतून उडवावयाची, तर ती कोठे तरी मवाळ होणार हे ओघानेच आले.

तथापि या चित्रपटातील एक दृश्य आमच्या मनातून जात नाही. चोरून, फसवून, धाक घालून तयार केलेला तो चित्रपट प्रथमच पडद्यावर दाखवला जातो आणि बोफिंगर अंधारात बसून तो पाहतो. चित्रपट सुमार आहे, हे आपणांस दिसते. त्याच्या चेहऱ्यावर मात्र लहान मुलाचे निखळ आश्चर्य आहे. आयुष्यभर खोटे बोललेल्या या माणसाच्या ठायी एवढीच एक गोष्ट खरी आहे, आणि तिच्यापुढे आपला सारा उपहास क्षणभर नि:शस्त्र होतो. त्या क्षणी आम्हीही त्याला क्षमा करून टाकली, हे कबूल केले पाहिजे. चित्रगृहाबाहेर आल्यावर मात्र ध्यानात येते की क्षमा करण्याचा अधिकार आमचा नव्हता. तो, तळघरात पावलांचा आवाज ऐकून जीव मुठीत धरून पळणाऱ्या त्या माणसाचा होता, आणि त्याला ते कोणी विचारले नाही.