‘मुंज्या’ : एका लोककल्पनेचा चित्रपटातील अवतार

भुताखेतांच्या चित्रपटांची गंभीर अभ्यासकाने दखल घेऊ नये, असा एक अलिखित संकेत आपल्याकडे रूढ आहे. तो मोडून आदित्य सरपोतदार यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘मुंज्या’ (२०२४) या हिंदी चित्रपटाचा येथे विचार करावयाचा आहे. कारण एवढेच, की मराठी लोकसमजुतीतील नेमक्या अर्थाचा एक शब्द या चित्रपटाने मराठी न जाणणाऱ्या प्रेक्षकांपर्यंत नेला. त्या प्रवासात शब्दाचे काय झाले, हे पाहणे भाषाभ्यासकाचे कामच होय.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. मुंज नावाच्या गवताची मेखला बटूच्या कमरेस बांधावयाची, म्हणून त्या संस्कारास मौंजीबंधन अथवा मुंज म्हणतात. मुंज झालेला, परंतु सोडमुंज वा लग्न न झालेला मुलगा तो मुंजा. आणि त्या अवस्थेत मृत्यू आल्यास पिंपळावर वस्ती करणारे त्याचे भूत, तेही मुंजाच. ‘मुंज्या’ हे त्याच शब्दाचे दुसरे रूप. जिवंत मुलगा आणि त्याचे भूत यांस भाषेने एकच नाव द्यावे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. दोघेही एका उंबरठ्यावर थांबलेले. एक काही काळ, दुसरा कायमचा. मुंजा, समंध, हडळ, गिऱ्हा ही आपली भुतांची नावे म्हणजे पर्यायशब्दांचा ढीग नव्हे. मृत व्यक्ती कोण होती, तिचे काय राहून गेले, तिचे भूत कोठे वसते, अशा व्यवच्छेदक लक्षणांनी त्यांपैकी प्रत्येकाचे मूल्य ठरते.

चित्रपटाचे कथानक या अर्थाशी बऱ्याच अंशी इमान राखते. १९५२ सालच्या कोकणात गोट्या नावाचा ब्राह्मण मुलगा आपल्याहून सात वर्षांनी मोठ्या मुन्नीवर जीव जडवितो. मुन्नीचे लग्न दुसऱ्याशी होते व गोट्याची बळेच मुंज लावली जाते. संतापाच्या भरात तो बहिणीचा बळी देऊ पाहतो आणि त्या झटापटीत स्वतःच मरतो. पुढे पुण्यातील बिट्टू या भित्र्या तरुणास हे भूत धरते व मुन्नीची नात बेला हिच्याशी लग्न लावून देण्याचा हट्ट धरते. भुतास लग्नच हवे असावे, ही पटकथाकाराची केवळ लहर नव्हे. मुंजा या शब्दाच्या अर्थात जे अपुरे आहे तेच ते मागते.

चित्रपटाचे आकर्षण मात्र त्याच्या स्वस्त, जत्रेतील खेळासारख्या भागात अधिक आहे. संगणकाने घडविलेले ते खिदळणारे, उड्या मारणारे ध्यान भयापेक्षा हसूच अधिक आणते. परंतु भूत मूळचे पोरच असल्याने हा खट्याळपणा त्यास शोभतो. सुहास जोशी यांची आजी जुन्या घरातील माणसासारखी खरी वाटते. सत्यराज यांच्या मांत्रिकाचे ‘एल्विस करीम प्रभाकर’ हे नाव तर तीन धर्मांस एका दमात हाक मारते. ‘चेटूकवाडी’ हे स्थलनाम मराठी श्रोत्यास ऐकताक्षणीच पुढील अनर्थ सांगून टाकते.

आता दोष. मुंडनानंतर दहा दिवसांच्या आत मेलेला मुलगा ब्रह्मराक्षस होतो, असे चित्रपट सांगतो. वस्तुतः ब्रह्मराक्षस ही विद्येचा दुरुपयोग करणाऱ्या वा पापाचरणी ब्राह्मणाची गती. मुंजा हे अजाण बटूचे भूत. दोन निराळ्या कोटी एक केल्याने शब्दाचे मूल्यच पुसले जाते. दुसरा दोष बोलीचा. हे भूत ‘लगीन’ मागते. ‘लग्न’ या शब्दात स्वरभक्ती होऊन ‘लगीन’ हे रूप सिद्ध होते हे खरे. परंतु १९५२ मधील कोकणस्थित ब्राह्मण घरातील मुलाच्या तोंडी ‘लग्न’ हेच रूप अधिक स्वाभाविक होते. हिंदी चित्रपटास बोलीतील सामाजिक भेद नको असतो. ‘गावाकडचे’ एवढी एक खूण त्यास पुरते.

तथापि हे दोष क्षम्य आहेत. एक मात्र क्षम्य नाही. लोकसमजुतीतील मुंजाच्या भीतीस करुणेची किनार आहे. महाराष्ट्रात ठिकठिकाणी पिंपळाखाली मुंजोबाचे स्थान आढळते. अकाली गेलेल्या पोरास गावाने दिलेला तो आसराच म्हणावयाचा. चित्रपटाच्या आरंभी ही करुणा डोकावते. मारून मुटकून मुंजीस बसविलेले ते मूल पाहताना मन कळवळते. पण भूत झाल्यावर गोट्या केवळ निकालात काढावयाचे संकट उरतो. ज्या घराने त्यास त्या उंबरठ्यावर बसविले, त्या घराकडे कथा जाब मागत नाही. पोराच्या अघोरी कृत्याने हा प्रश्न सुटत नाही, उलट अधिक बिकट होतो. आणि येथेच चित्रपट विनोदाच्या आडोशास जातो.

लोककथेचा चित्रपट करताना तपशील बदलणारच; कथा सांगणारी आजीही तो बदलीत असे. परंतु मुंजाची गोष्ट सांगून झाल्यावर तिचा आवाज क्षणभर खाली येई, कारण अखेर ती एका मेलेल्या मुलाची गोष्ट असे. ‘मुंज्या’ने शब्द दूरवर नेला, त्याचा अर्थही बराचसा नेला, तो खाली येणारा आवाज मात्र पिंपळाखालीच राहिला.