वाटाड्याचे वाङ्मय

दिवाळी अंकात कथा-कवितांची परीक्षणे येतात; वाट सांगणाऱ्या कागदाचे परीक्षण सहसा कोणी करीत नाही. पण मोहोळात राहणाऱ्याला हा विषय टाळून कसे चालेल? पुणे-सोलापूर रस्ता आमच्या गावावरून जातो. पंढरपूर येथून सुमारे ४० किलोमीटर. नोव्हेंबर २०२१ मध्ये ज्याच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसली, तो दिवेघाटापासूनचा पालखी महामार्ग मोहोळलाच येऊन मिळतो. साहजिकच पायी चालणारे आणि हल्ली सायकलवरून जाणारेही आमच्या ओसरीवर टेकतात. कोणाच्या पिशवीत दिंडीचे वेळापत्रक असते, कोणाच्या मोबाइलवर नकाशा.

हा वाङ्मयप्रकार आपल्याकडे नवा नव्हे. महानुभावांची ‘स्थानपोथी’ पाहावी. चक्रधरस्वामी जेथे राहिले, बसले, जेवले, त्या जागांची ती नोंद आहे. देवळाचे दार कोणत्या दिशेला, मठ गावाच्या कोणत्या अंगाला, एवढेच ती सांगते. भक्तांनी लिहिलेली असूनही तिच्यात उमाळे नाहीत. मागून येणाऱ्याला जागा सापडली पाहिजे, ही एकच तळमळ तिच्या गद्याला पुरली. अलंकारावाचून भक्ती कशी बोलते, हे तिच्याकडून शिकावे.

दिंडीचे वेळापत्रकही याच घराण्यातले. विसावा कोठे, दुपारचे जेवण कोठे, मुक्काम कोणत्या गावी, हे ठरलेले असते आणि त्यावर लाखो माणसे चालतात. मात्र ते समुदायासाठी असते. पालखी पुढे गेली, पाण्याचे टँकर हलले, की एकट्या वाटसरूला त्या कागदाचा उपयोग नाही.

ती उणीव लोकांनी मिळून केलेले नकाशे भरून काढतात. २००४ साली इंग्लंडात सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा त्यांतला मोठा. कोणीही त्यात पाऊलवाट काढावी, विहीर दाखवावी. कोणी, केव्हा काय बदलले याची नोंद राहते. एवढा प्रामाणिकपणा छापील पुस्तकांतही विरळा!

तरीही एक अनुभव सांगतो. एका वैशाखात एक सायकलवाले गृहस्थ दुपारी दाराशी आले. ओठ सुकलेले, बोलवेना. त्यांच्या नकाशात वाटेवर हापसा होता. प्रत्यक्षात त्याचा दांडा मोडलेला आणि खाली थेंब नाही. आमच्या घरातून पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा पुढे झाला. जरा हुशारी आल्यावर ते नकाशा करणाऱ्यांवर तोंडसुख घेऊ लागले. आमची नात ऐकत होती. ती म्हणाली, “काका, तो हापसा तुम्ही खोडला का?” गृहस्थ वरमले. ओसरीवर बसूनच त्यांनी हापसा बंद असल्याची नोंद केली.

नातीने एका वाक्यात या वाङ्मयाची कसोटी सांगितली, असे आम्हांस वाटते. कादंबरीतली चूक वाचकाचा रसभंग करते. येथली चूक त्याचा जीव घेऊ शकते. म्हणून येथे वाचकाने नुसते वाचून भागत नाही, मागच्यासाठी लिहावेही लागते.

आणखी एक मर्यादा मात्र कितीही दुरुस्त्या केल्या तरी उरतेच. एकाच दिंडीतली माणसे जातीप्रमाणे वेगळी जेवतात, हे इरावती कर्वे यांच्या ‘वाटचाल’ या लेखाने दाखविले; कोणत्याही वेळापत्रकाने नव्हे. नकाशातला पाण्याचा ठिपका पाणी कोठे आहे ते सांगतो. ते कोणाला मागता येते, हे सांगत नाही. ते सांगायला साहित्यच हवे.

तेव्हा या सुट्टीत आपण कोठे चालत वा सायकलवर निघालात, तर दोन्ही जवळ ठेवा. आणि परतताना मोडलेला हापसा तेवढा नोंदवून या.